विटेचा शेक आणि माझा उजवा पाय

२०२३ साल, पौषातली थंडी, आणि मी एकाहत्तर वर्षांचा. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी आहेत, पण माझी आई सांगायची तेच खरं. नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरने मला टेबलावर झोपवलं आणि डोळे मिटायला सांगितले. त्याच्या हातात मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा एक बारीक, ताठ धागा होता. म्हणाला, "बाबा, पायाला धागा टेकला असं वाटलं की 'हो' म्हणा."

मी "हो" म्हटलं. थोडं थांबून परत "हो" म्हटलं. मग आणखी एकदा.

डॉक्टर म्हणाला, "बाबा, मी अजून धागा टेकवलाच नाही."

मी डोळे उघडले. तो माझ्या उजव्या तळपायाकडे बघत होता. टाचेपासून बोटांपर्यंत कातडी काळी पडली होती, मधे ओलं होतं, आणि वास मला स्वतःलाही येत होता. त्याने विचारलं, "ही भाजल्याची जखम आहे. कशानं भाजलं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

माझी बायको वेणूबाई भिंतीला टेकून उभी होती. तोंडावर पदर धरून ती म्हणाली, "ईट मी ठेवी व्हती, डाक्टरसाहेब."

"मी सांगं म्हनीसन ठेवी तिनी!" मी ओरडलो. वेणूबाईने माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टर कागदावर लिहीत राहिला.

त्याने आजाराचं नाव सांगितलं, डायबेटिक न्यूरोपॅथी. म्हणजे असं की रक्तात साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायातल्या नसा मरतात. नसा अंगाची खबर डोक्याकडे नेतात. नसच मेली तर पाय चुलीत घातला तरी डोक्याला खबर लागत नाही.

मी चौथी शिकलो. माझा हात नांगराचा, लिहिण्याचा नाही. चुका असतील, त्या असू द्या. पाय गेला त्याचं रडगाणं गायला मी बसलो नाही. पाय गेला तो गेला. पण त्या पायामागे वेणूबाईने मनाला जे लावून घेतलं, ते मला पायाहून जड गेलं. तिच्या मनातून ते काढायचं आणि तिला तिच्या गुडघेदुखीतून थोडा आराम घ्यायला लावायचा, एवढंच काम माझ्याकडे उरलं. घरात साखरेचा माणूस असेल त्याने हे वाचावं, आणि त्याला शेक देणाऱ्यानेही वाचावं. मला कोणी शिकवलेलं खपत नाही. तुम्हालाही खपत नसेल. तरी वाचा.

आमच्या रनाळे गावात शेक म्हणजे गोळीच्या आधीचं औषध. गुडघ्याला रुईचं पान तेल लावून तव्यावर गरम करून बांधायचं. मानेला मिठाची पुरचुंडी. कमरेला आणि पायांना वीट. चुलीच्या बाजूला वीट तापत ठेवायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायची आणि अंथरुणात पायाशी सरकवायची. थंडीत गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या पायाशी वीट असते.

या शेकाला एक रीत आहे. देणाऱ्याने तो आधी आपल्या अंगावर घ्यायचा. माझी आई फडकं गालाला लावून बघायची. वेणूबाई तळहातावर धरून बघते. देणाऱ्याला सोसवला तरच दुखणाऱ्याला लावायचा. हे कोणी शिकवत नाही, लहानपणापासून बघून येतं.

आता माझ्या पायांचं सांगतो. मी हंगामात मिरचीच्या पथारीवर देखरेख करायचो. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं उघडं रान. दुपारी ती जमीन अशी तापते की बाया चपला घालूनही भरभर चालतात. मी अनवाणी हिंडायचो आणि त्यांना म्हणायचो, "लोनीना पाय शेत का तुम्हना?" माझ्या वयाचा एक गडी मला म्हणायचा, "पाटील, तुम्हना पाय शेत का नांगरना फाळ?" मला ते फार बरं वाटायचं. बिडी पेटवायला मी निखारा बोटाने उचलायचो. लोक बघायचे. मी मुद्दाम हळू उचलायचो.

पायाला मुंग्या यायच्या. कधी वाटायचं की तळपायाखाली कापूस आहे. चप्पल पायातून निसटायची आणि मला चार पावलं गेल्यावर कळायचं. साखरेच्या गोळ्या घरात होत्या. मनात आलं तर घ्यायचो.

मी चटका सोसत होतो असं मला वाटायचं. सोसायला आधी चटका लागावा लागतो. मला लागतच नव्हता. ज्याची मी मिजास मिरवली तो आजार होता. हे डॉक्टरच्या टेबलावर कळलं, आणि ते पाय कापण्याइतकंच लागलं.

त्या पौषात थंडी फार पडली. पाय बर्फासारखे पडायचे. वेणूबाई रोज जेवणं झाली की वीट ठेवायची. मला ऊब लागेना.

मी म्हटलं, "आखो तपाड."

तिने परत चुलीजवळ नेली, परत आणली. म्हणाली, "माले हातमा धराले व्हत नही, आन तुम्हले लागस नही?"

"तुन्हा हात बाईमानूसना शे. मन्ही कातडी म्हैसनी शे. फडकं काढ आन ठेव."

"फडकं ऱ्हाऊ द्या ना, ओ."

"काढ म्हनं ना!"

तिने वीट दोनदा तळहाताला लावून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग फडकं काढून वीट ठेवली.

मला झोप छान लागली.

सकाळी तळपायाला मोठा फोड होता. दुखत नव्हता. मी बाभळीच्या काट्याने तो फोडला, हळद लावली, मोजा चढवला आणि पथारीवर गेलो. वेणूबाईला सांगितलं नाही. काही दिवस असे गेले. मग एका सकाळी ती अंगण झाडताना थांबली.

"तुम्हना पायना वास येस."

"तुन्हा नाकना वास येस," मी म्हटलं.

ती वाकली आणि मोजा ओढून काढला. केरसुणी तिथेच टाकून ती रस्त्यावर जीप थांबवायला गेली.

दवाखान्यातले दिवस सांगतो. आधी डॉप्लर केलं. त्यात पायात रक्त कुठवर पोचतंय ते यंत्राने ऐकतात. गुडघ्याजवळ धडधड आवाज येत होता, खाली घोट्याशी अगदी बारीक. मग डिब्राइडमेंट केलं, म्हणजे मेलेलं मांस कापून जखम साफ करायची. डॉक्टर कापत होता आणि मी डोकं उचलून बघत होतो. दुखलं नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस ड्रेसिंगला ओरडायचा. मला पहिल्यांदाच ओरडणाऱ्याचा हेवा वाटला.

आमचा मुलगा भटू सुरतला नोकरी करतो. तो सुनेला घेऊन आला आणि सुरतला हलवायचं म्हणू लागला. मी म्हटलं, "पाय आठे जळना, जे व्हई ते आठेच व्हई." मी हलत नाही म्हटलं की हलत नाही, हे त्याला माहीत आहे.

दुसऱ्या आठवड्यात अंगठा काळा पडला, मग त्याच्या शेजारची बोटं. ताप चढला. डॉक्टर खाटेवर बसला, हे त्याने आधी कधी केलं नव्हतं. म्हणाला, "बाबा, विष वर चढतंय. ॲम्प्युटेशन करावं लागेल. म्हणजे पाय कापावा लागेल. गुडघा वाचवतो, त्याच्या खालून कापतो. उशीर केला तर गुडघाही जाईल आणि तुम्हीही."

मी दोन दिवस नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी वेणूबाई म्हणाली, "माले काय ईधवा करस का तू?" ती मला कधी एकेरीत बोलली नव्हती. मी कागद मागवला. नर्सने अंगठ्यासाठी शाईचा डबा आणला, तो मी परत पाठवला आणि सही केली.

ऑपरेशनच्या आधल्या संध्याकाळी वेणूबाई खाटेशी खाली बसली होती. पलीकडच्या खाटेवर तोरणमाळकडची एक बाई मुलाला घेऊन होती. तिने विचारलं, "बाबाले काय झालं?" वेणूबाई म्हणाली, "मी जाळा त्यासना पाय."

"मी सांगे व्हतं तुले!" मी खाटेवरून ओरडलो. नर्स धावत आली आणि मला गप्प केलं.

वेणूबाई खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगं ते खरं शे. पन मन्हा हातले कयनं व्हतं ना."

माझ्या पायाला कळलं नाही. तिच्या हाताला कळलं होतं. तो हात बाजूला सारून तिने माझं ऐकलं. मी दोष स्वतःवर घेत होतो तो ती घेऊ देत नव्हती, कारण तिचा दोष वेगळा होता आणि तो तिच्या हातात बसला होता.

पाय कापला. जाग आल्यावर चादर खाली सपाट दिसली. बघून मी भिंतीकडे तोंड केलं.

मग एक उलटीच गोष्ट झाली. जो पाय असताना त्याला काही कळत नव्हतं, तो नसताना दुखू लागला. नसलेल्या अंगठ्यात आग व्हायची, नसलेली टाच कोणी पिळतंय असं वाटायचं. मला वाटलं की डोकं फिरलं. कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरने स्वतःच विचारलं तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "याला फँटम पेन म्हणतात. कापलेल्या अवयवाचं दुखणं. तुम्ही वेडे नाही. पाय गेला, पण डोक्यात पायाची जागा तशीच आहे, ती ओरडते." तुमच्यापैकी कोणाला असं होत असेल तर लाजू नका, सांगा. मी उगाच किती दिवस दात आवळून काढले.

फिजिओथेरपीच्या मॅडम रोज यायच्या. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामाने आणि शेकाने इलाज. मॅडम अक्कलकुव्याकडच्या, तरुण, आवाज खणखणीत. कुबड्या घेऊन उभं राहायला त्यांनी शिकवलं. मी म्हटलं की मला धरू नका. त्यांनी सोडलं आणि मी मनगटावर पडलो. मनगट सुजलं. त्या बर्फाची पिशवी ओल्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या.

मी म्हटलं, "दुखन्याले बर्फ? बर्फ मेलेल्या माणसाला लावतात, गाव जमेपर्यंत टिकावा म्हणून."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही भांडताय, म्हणजे जिवंत आहात. हात द्या."

थोड्या वेळाने ठणका उतरला. मी तसं बोललो नाही. त्यांनी विचारलंही नाही, नुसतं टॉवेल झटकून निघून गेल्या. पण त्यांनी सांगितलेलं मी लक्षात ठेवलं, तुम्हीही ठेवा. नवं दुखणं असेल, सूज असेल, हात लावल्यावर गरम लागत असेल, तर थंड. जुनं असेल, आखडलेलं असेल, सूज नसेल, तर गरम. दोन्ही कापडातून, उघड्या कातडीवर कधीच नाही. आणि चहा उकळून पिऊन होईल एवढाच वेळ. आम्ही वीट रात्रभर पायाशी ठेवायचो.

नसलेल्या पायाच्या आगीसाठी त्यांनी गरम टॉवेलचा शेक सांगितला, पण मांडीला वर आणि कमरेला, जिथे मला नीट कळत होतं तिथेच. कापलेल्या टोकाला नाही, आणि उरलेल्या डाव्या पायाला तर मुळीच नाही. शेकाने मांडीचे आवळलेले स्नायू सैल पडतात आणि नसलेल्या पायाचं ओरडणंही कमी होतं. मी म्हटलं, मी करेन. तेव्हा त्यांनी माझ्या हाताच्या बोटांवर डॉक्टरसारखाच तो बारीक धागा टेकवला. दोन बोटांना कळलं नाही.

"तुमच्या हातानं बघायचं नाही, बाबा. घरात ज्याच्या हाताला कळतं त्याने आधी बघायचं, मग तुम्हाला लावायचं."

वेणूबाई दारात उभी होती. हे ऐकून ती बाहेर गेली.

घरी आलो तेव्हा चुलीजवळची वीट नव्हती. मी विचारलं नाही. सून माझ्यासाठी थांबली होती. तीच टॉवेल गरम करायची, तीच शेकायची. वेणूबाई त्या वेळी अंगणात निघून जायची.

सुनेनेच एक दिवस मला सांगितलं, "नाना, आई गार पाण्याने अंघोळ करतात." मी लक्ष ठेवलं. खरं होतं. आणि तिचे गुडघे! वेणूबाईचे गुडघे दहा वर्षं दुखतात. रोज संध्याकाळी रुईचं पान तापवून बांधल्याशिवाय ती झोपायची नाही. ते तिने सोडून दिलं होतं. मी म्हटलं तर म्हणाली, "तुम्हना पाय गया, माले शेक कसाले?"

मी समजावलं. मग रागावलो. मग ताट ढकललं. तिने ताट उचललं आणि झाकून ठेवलं. गावात कोणीतरी बोललं की पाटलाचा पाय बायकोने जाळला. मी कुबड्या घेऊन त्याच्या दारात गेलो आणि त्याच्या बापापर्यंत शिव्या दिल्या. घरी आलो तर वेणूबाई म्हणाली, "खरं ते बोलना तो."

मी आयुष्यभर आवाज चढवला की कामं झाली. हे एक काम आवाजाने होत नव्हतं.

शाळा उघडली, सून मुलांसाठी सुरतला गेली. घरात आम्ही दोघं उरलो. नसलेला पाय जळायचा, मी खाटेवर दात आवळून बसायचो. वेणूबाई दुसऱ्या खाटेवर गुडघे दाबत बसायची. मी मागायचो नाही, ती द्यायची नाही. एकदा मी रबरी पिशवी घेऊन स्वतःच गरम पाणी भरायला लागलो. वेणूबाई आली, हातातून पिशवी घेतली, पाणी अंगणात ओतलं आणि पिशवी खुंटीला टांगली.

परत थंडी आली. एका संध्याकाळी वेणूबाई खाली बसून मेथी निवडत होती. निवडून झाली, पण तिला उठता येईना. तिने दाराची चौकट धरली, अर्धी उठली आणि परत खाली बसली. पदराचं टोक दातात धरलं. परत उठू लागली, परत बसली. गुडघा भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखा सुजला होता.

मी खाटेवरून बघत होतो. उठून हात द्यायला मला पाय नव्हता. हे मी कधी विसरणार नाही. एका पायाने मी खाटेवरून घसरत खाली आलो आणि तिच्याजवळ जाऊन बसलो. दोघं मेथीच्या काड्यांत बसून राहिलो.

मी म्हटलं, "तुन्हा हातले कयनं व्हतं. मी आयकं नही. आते आयकसू."

"आते काय आयकशात? पाय ते गया."

"एक शे ना आखो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्याले बी जाळाना शे का?"

"तुन्हा हातले इचारीसन जाळसू."

तिला हसू आलं. साल झालं होतं तिला हसून. हसता हसता ती रडू लागली, आणि जे रडली ते थांबेना. "मन्हा हात तोडी टाका," म्हणाली. "त्याले कयनं तरी त्यानी ईट ठेवी." मी तिचा हात धरून ठेवला. समजावलं नाही. पहिल्यांदाच गप्प बसलो.

रडून झाल्यावर मी म्हटलं, "मॅडम काय बोलनी आयकं ना तू? ज्याना हातले कयस त्यानीच शेक दिना पाहिजे. या घरमा तुन्हाच हातले कयस. मन्हाले नही. हात तोडी टाकसी ते मी कोनकडे जाऊ?"

ती माझ्या खांद्यावर आणि खाटेच्या कडेवर भार देऊन कशीबशी उठली. गॅसवर पाणी ठेवलं. टॉवेल बुडवला, पिळला, आणि तळहातावर धरून उभी राहिली. इतका वेळ धरला की तो निवून गेला असेल. परत बुडवला. परत धरला. मग तिने तो माझ्या मांडीवर ठेवला.

"लागस का?"

"लागस."

"जास्ती?"

मी खरं सांगितलं. "जरासा जास्ती शे."

तिने लगेच उचलला, झटकला आणि परत ठेवला. आता बरोबर होता. मांडी हळूहळू सैल पडली. नसलेला अंगठा जळायचा थांबला नाही, पण लांब गेल्यासारखा वाटला. एवढाच आराम मिळतो, बाबांनो. याहून जास्त कोणी सांगत असेल तर खोटं सांगतो. पण एवढाही पुष्कळ असतो.

मी म्हटलं, आता तुझ्या गुडघ्याला लाव. तिने टॉवेल दोरीवर टाकला. "मन्हं ऱ्हाऊ द्या."

मी वाद घातला नाही. ती झोपल्यावर मी विचार करत पडलो. मी सांगून ती शेक घेणार नव्हती. माझं सांगणं ऐकूनच एकदा सगळं झालं होतं. तिला दुसऱ्याच कोणाच्या तोंडून ऐकायला हवं होतं, आणि मी फक्त तिला तिथवर न्यायचं होतं.

डाव्या पायाचं मी लपवत नाही. त्यालाही कळत नाही. डॉक्टर म्हणतो, जपलं तर टिकेल. मी गोळ्या वेळेवर घेतो. अनवाणी एक पाऊल टाकत नाही. वेणूबाई रोज तो पाय मांडीवर घेऊन बोटांच्या मधे बघते. दुसऱ्या कोणी माझा तळवा असा उलटून बघितला असता तर मी लाथ मारली असती. आता देतो. तुमच्या घरात ज्याच्या हाताला कळतं, त्याच्या हातात तुमचा पाय द्या. मी द्यायला फार उशीर केला.

त्या शेकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो, तोंड धुतलं आणि धोतर नेसून कुबड्या घेऊन दारात उभा राहिलो.

"चाल."

"कोठे?"

"नंदुरबारले, दवाखानामा."

"आज तुम्हनी तारीख नही शे."

"तुन्ही शे."

ती नाही नाही म्हणत होती. मी एसटीच्या थांब्याकडे चालू लागलो. एका पायाच्या माणसाला ती एकटं जाऊ देणार नाही, हे मला माहीत होतं. मागून तिच्या चपलांचा आवाज आला. लंगडत येत होती. बसमधे चढताना कंडक्टरने मला हात दिला. मी आधी तिला द्यायला सांगितलं.

केसपेपरच्या रांगेत मी उभा राहिलो. खिडकीतल्या माणसाने तिचं वय विचारलं. मला सांगता येईना. पन्नास वर्षांच्या संसारात ते मी कधी विचारलंच नव्हतं. मागे वळून तिला विचारलं, तिने सांगितलं, मी खिडकीत सांगितलं.

मॅडमनी तिचा गुडघा दोन्ही हातांनी चाचपला. म्हणाल्या, "आजी, सूज आहे. आज थंड लावते. सूज उतरली की मग गरम. घरी रोज करायचं. नाही केलं तर मी बाबांना विचारेन."

वेणूबाईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होतो.

मॅडम तिला पडद्याआड घेऊन गेल्या. बाहेर भिंतीला लागून बाक होता. माझ्या सगळ्या ड्रेसिंगांना ती ज्यावर बसून असायची तोच. मी कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि बसलो. आत बर्फ फोडल्याचा आवाज आला. मॅडमनी काहीतरी विचारलं. वेणूबाई म्हणाली, "हां, बरं वाटस."

मी हात मांडीवर ठेवून ती बाहेर यायची वाट बघत बसलो.